ऑस्ट्रेलियात नर्सिंग शिकायला येताय? आधी प्लेसमेंटचा हिशेब मांडा

सत्र सुरू होण्याच्या आधी सिडनी आणि मेलबर्नमधल्या आमच्या घरांचे फोन वाजू लागतात. पलीकडे कधी लातूरची मुलगी असते, कधी साताऱ्याचे वडील. विचारणा बहुधा फीची, खोलीची आणि पार्टटाइम नोकरीची असते. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण इथे नर्सिंग शिकलेल्या, मुलांना शिकवलेल्या आणि आता इथल्या इस्पितळांत काम करणाऱ्या आमच्या कुटुंबांना सगळ्यात आधी सांगायचं आहे ते प्लेसमेंटबद्दल, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या प्रत्यक्ष कामाबद्दल. पदवी मिळायला इस्पितळात आणि वृद्धनिवासात किमान ८०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि त्याचा पगार मिळत नाही. पैसे, नोकरी, झोप, घरभाडं हे सगळं या तासांभोवती आखलं तर तीन वर्षं नीट पार पडतात. ज्यांची मध्येच ओढाताण झाली, त्यांचा हिशेब बहुधा इथेच चुकला होता.

कोर्स निवडताना

‘रजिस्टर्ड नर्स’ व्हायचं असेल तर तीन वर्षांची बॅचलर ऑफ नर्सिंग ही पदवी लागते. दुसऱ्या विषयात पदवी झाली असेल तर काही विद्यापीठांत दोन वर्षांचा ग्रॅज्युएट एन्ट्री मास्टर्स आहे. डिप्लोमा ऑफ नर्सिंग करून ‘एनरोल्ड नर्स’ होता येतं. त्यांच्या कामाच्या मर्यादा आणि पगार वेगळे असतात. वृद्धसेवेचे छोटे सर्टिफिकेट कोर्स चांगले आहेत, पण ते करून कुणी नर्स होत नाही. एजंट या सगळ्यांनाच ‘नर्सिंग’ म्हणत असेल तर शेवटी कोणती नोंदणी मिळणार, हे लेखी मागा. बहुतेक एजंटांना कमिशन संस्थेकडून मिळतं, हेही ध्यानात असू द्या.

पडताळणी स्वतः करा. ऑस्ट्रेलियाच्या नर्सिंग अँड मिडवायफरी बोर्डाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत तो कोर्स असला पाहिजे आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘क्रायकॉस’ नोंदवहीतही. यादीत नसलेल्या पदवीवर नोंदणी मिळत नाही, मग मार्क कितीही असोत.

तुम्ही आधीच सिस्टर किंवा ब्रदर असाल तर

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग हातात असताना इथे पुन्हा पहिल्या वर्षाला बसू नका. बाहेर शिकलेल्या नर्सेससाठी नोंदणीची वेगळी वाट आहे. बोर्डाच्या संकेतस्थळावर आधी ‘सेल्फ चेक’ करायचं, मग बहुतेकांना एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियात ‘ऑस्की’ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. खर्च आणि मेहनत आहे, पण तीन वर्षांच्या फीच्या तुलनेत तो फार कमी आहे. जीएनएम झालेल्यांना हा मार्ग अधिक अवघड जातो. त्यांनी आधी भारतातच पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करावी का, याचा विचार घरी बसून करावा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. कागदपत्रं मिळवायला महिने जातात, तेव्हा सुरुवात लवकर करा.

इंग्रजीची परीक्षा दोनदा द्यावी लागू शकते

बरीच विद्यापीठं नर्सिंगच्या प्रवेशालाच आयेल्ट्समध्ये साधारण ७ मागतात. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की पदवीनंतर नोंदणी करताना बोर्ड इंग्रजीचा पुरावा पुन्हा मागतं. शाळा भारतात झालेल्या काही मुलांना इथे तीन वर्षं शिकूनही नव्याने परीक्षा द्यावी लागते. आयेल्ट्सऐवजी ओईटी ही आरोग्यक्षेत्राचीच परीक्षा देता येते. वॉर्डातली भाषा कानात बसल्यावर आमच्यातल्या अनेकांना ती सोपी गेली. परीक्षा पुन्हा लागणार असेल तर शेवटच्या सत्राच्या आधीच तिची तारीख ठरवा.

पैशाचा खरा हिशेब

नर्सिंगची फी वर्षाला साधारण ३५ ते ४५ हजार डॉलर येते. विद्यार्थी व्हिसाचं शुल्क १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झालं आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. फी आणि प्रवासखर्चाशिवाय वर्षभराच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, हा मे २०२४ पासूनचा आकडा आहे. सिडनीत तेवढ्यात काटकसरीनेच भागतं. भारतीय विद्यार्थ्यांना मेडिकेअर ही इथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. व्हिसाच्या पूर्ण काळाचा आरोग्य विमा घ्यावाच लागतो आणि त्यात दातांचा खर्च सहसा नसतो. दात भारतातच दाखवून, दुरुस्त करून या. न्यू साउथ वेल्समध्ये पूर्ण फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना रेल्वे-बसची सवलत नाही, तोही खर्च धरा.

सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास नोकरी करता येते, सुट्टीत ही मर्यादा नसते. कोर्सचा भाग असलेली प्लेसमेंट या ४८ तासांत मोजली जात नाही. नियम सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात आठवडाभर सकाळ-दुपारच्या ड्युट्या केल्यावर नोकरीला अंगात त्राण उरत नाही. ८०० तास म्हणजे पूर्णवेळ ड्युटीचे वीस आठवडे. जुलै २०२५ पासून सरकार काही विद्यार्थ्यांना प्लेसमेंटच्या काळात भत्ता देतं, पण परदेशी विद्यार्थ्यांना तो मिळत नाही. म्हणून या वीस आठवड्यांचं भाडं आणि किराणा वेगळ्या खात्यात आधीच बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. ‘तिथे गेल्यावर कमावून फी भरू’ या भरवशावर कर्ज काढू नका. पार्टटाइम पगारातून पोट भरतं, फी भरत नाही.

लसींची फाइल

प्लेसमेंटला जाण्याआधी लसीकरणाची फाइल मंजूर व्हावी लागते आणि आपली मुलं इथे हमखास अडकतात. हेपटायटिस बीचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यानंतर रक्तात प्रतिपिंडं तयार झाली का हे तपासावं लागतं. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, डांग्या खोकला यांचे पुरावे लागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तरी इथे त्याचा रक्ततपासणीचा अहवाल मागतात. क्षयरोगाची तपासणी होते. आपण सगळ्यांनी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे मांटू चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, रक्ताची ‘आयग्रा’ चाचणी करून घ्या. हे सगळं गावच्या डॉक्टरांकडे, तारीख-शिक्क्यासह, निघण्याच्या आठ महिने आधी सुरू करा. पोलिस तपासणी आणि मुलांसोबत काम करण्याचा परवाना इथे आल्यावर काढावा लागतो.

वॉर्डात उभं राहताना

महाराष्ट्रातल्या इस्पितळात बेडपॅन मावशी देतात, अंग पुसायला आणि भरवायला नातेवाईक असतात. इथे रुग्णाची आंघोळ, शी-शू, कूस बदलणं, दात घासणं हे सारं नर्सचं काम आहे. पहिल्या प्लेसमेंटला, बहुधा वृद्धनिवासात, विद्यार्थी हेच शिकतात. काही मुली पहिल्या आठवड्यात रडत फोन करतात, ‘यासाठी का मी एवढं कर्ज काढलं?’ त्यांना आम्ही मनापासून सांगतो, की नर्सिंग इथेच सुरू होतं. आंघोळ घालताना पाठीवरची लाल झालेली जागा दिसते आणि पुढचा बेडसोअर टळतो. भरवताना गिळायला होणारा त्रास लक्षात येतो. या कामात कमीपणा मानू नका.

इथे कुणी कुणाला सर-मॅडम म्हणत नाही, वरिष्ठ डॉक्टरलाही नावाने हाक मारतात. आपल्याला ते जड जातं. त्याहून जड जातं वरिष्ठाला थांबवून ‘हा डोस मला बरोबर वाटत नाही’ असं म्हणणं. पण तसं म्हणणं हे तुमचं कर्तव्य आहे आणि मूल्यमापनात ते पाहिलं जातं. गप्प राहणारा विद्यार्थी इथे आज्ञाधारक ठरत नाही, बेभरवशाचा ठरतो. समजलं नसेल तर मान हलवू नका, पुन्हा विचारा.

आणखी काही गोष्टी:

• ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती ‘आयएसबार’ क्रमाने सांगतात: ओळख, परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यांकन, शिफारस. घरी आरशासमोर मोठ्याने सराव करा.
• अनेक विद्यापीठांत औषधांच्या गणिताच्या चाचणीत शंभर टक्के लागतात. दशांश चिन्हं आणि ठिबकचे दर पक्के करा.
• रुग्णाला एकट्याने उचलायचं नाही, होइस्ट वापरायचा. पाठ गेली तर करिअर जातं.
• प्लेसमेंट चुकली किंवा नापास झालात तर विषय पुन्हा घ्यावा लागतो, वर्ष लांबतं, फी आणि व्हिसा दोन्ही अंगावर येतात. आजारी असाल तर त्याच दिवशी कळवा आणि डॉक्टरांचं पत्र घ्या.
• प्लेसमेंट घरापासून लांब, कधी दुसऱ्या गावी मिळते. सकाळी सातच्या ड्युटीला पहिली बस पोहोचते का, हे खोली घेतानाच पाहा.

नोकरी, मग पदवीनंतर

कोर्स सुरू होण्याआधी काम करायला परवानगी नसते. पहिलं वर्ष झालं की अनेक जण वृद्धनिवासात किंवा इस्पितळात सहायक म्हणून लागतात. तो अनुभव दुकानातल्या कामापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. पगारपत्रक आणि सुपरॲन्युएशनचा (निवृत्तीनिधीचा) हक्क तुम्हालाही आहे. रोखीने कमी पैसे देणाऱ्याकडे, मग तो आपल्याच भाषेचा असो, राहू नका. फेअर वर्क ऑम्बुड्समन हे कामगार हक्कांचं सरकारी कार्यालय परदेशी विद्यार्थ्यांचीही तक्रार ऐकतं.

सरकारी इस्पितळांच्या नवपदवीधर कार्यक्रमांचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या मध्यावर निघतात. तिथे इथल्या नागरिकांना सहसा प्राधान्य मिळतं, त्यामुळे पहिल्या फेरीत नाव न आल्यास खचू नका. वृद्धसेवा, खासगी इस्पितळं आणि शहरांबाहेरची रुग्णालयं यांनाही अर्ज करा. ग्रामीण भागात शिकायला मिळतं जास्त. पदवीधराला साधारण दोन वर्षांचा तात्पुरता व्हिसा मिळतो, त्यासाठी अर्ज करताना वय बहुधा ३५ पर्यंतच असावं लागतं. उशिरा शिकायला येणाऱ्यांनी हे आधी पाहावं. कायमच्या वास्तव्याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

आईवडिलांसाठी

भारतात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सिडनीत पहाटेचे अडीच, इथल्या उन्हाळ्यात साडेतीन झालेले असतात. प्लेसमेंटच्या आठवड्यांत ‘फोन का उचलत नाहीस’ असं रागावू नका, मुलीची ड्युटी विचारून वेळ ठरवा. दरमहा पैसे पाठवण्याची अपेक्षा पहिली तीन वर्षं ठेवू नका. कर्जाचा ताण तुम्ही पेललात तर ती वॉर्डात लक्ष देऊ शकेल.

निघण्यापूर्वी

१. कोर्स दोन्ही याद्यांत आहे, याची खात्री.
२. पहिल्या वर्षाची फी आणि खर्च, शिवाय प्लेसमेंटच्या आठवड्यांची वेगळी रक्कम.
३. लसींची फाइल, मूळ आणि स्कॅन.
४. दातांचं आणि चष्म्याचं काम पूर्ण.
५. शहरातल्या मराठी मंडळाला आगाऊ निरोप. मराठी असोसिएशन सिडनी आणि महाराष्ट्र मंडळ व्हिक्टोरिया या दोन्ही संस्थांभोवती आमची कुटुंबं जोडलेली आहेत.

मंडळात गणपतीला याच. पण अडचण आली तर गणपतीची वाट पाहू नका. एखाद्या विषयात मागे पडताय, घरमालक त्रास देतोय, वॉर्डात कुणी अपमान करतंय, रात्री झोप लागत नाही, असं काही असेल तर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या विद्यार्थी सहायता विभागाला सांगा आणि आम्हालाही सांगा. वेळेत कळलं तर बहुतेक गोष्टी सुटतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत.