‘पित्त’ म्हणजे नेमके काय? ॲसिड रिफ्लक्सची लक्षणे ओळखताना

मराठी घरांत ‘पित्त झाले’ हे दोन शब्द अनेक तक्रारींसाठी वापरले जातात. अर्धे डोके ठणकू लागले, अंगावर गांधी उठल्या, मळमळले किंवा छातीत जळजळले, तरी निदान एकच होते. प्रत्यक्षात यांपैकी पहिली तक्रार बहुधा अर्धशिशीची आणि दुसरी अनेकदा ॲलर्जीची असते. छातीतील जळजळीचे कारण मात्र बहुतेक वेळा यकृतात तयार होणारा पित्तरस नसून जठरात पाझरणारे हायड्रोक्लोरिक आम्ल हे असते.

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या खालच्या टोकाशी असलेला वर्तुळाकार स्नायू झडपेसारखे काम करतो, म्हणजे घास खाली जाताना सैल पडतो आणि एरवी आवळलेला राहतो. हा स्नायू अवेळी सैल पडला किंवा स्थूलतेमुळे वा गर्भारपणात पोटातील दाब वाढला, की जठरातील आम्ल उलट वर चढते. यालाच ॲसिड रिफ्लक्स म्हणतात. जठराच्या अस्तराला श्लेष्माचे दाट संरक्षण असते, तसे अन्ननलिकेला नसल्यामुळे तिचा दाह होतो. जड जेवणानंतर क्वचित असे होणे स्वाभाविक आहे. परंतु हा त्रास आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस होत असेल, तर तो आजार समजून त्याची तपासणी करणे आवश्यक ठरते.

या आजाराची खूण जळजळीइतकीच तिच्या वेळेत आणि शरीराच्या स्थितीत असते. जेवणानंतर तास-दोन तासांत छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते व गळ्याकडे सरकते. फरशी पुसायला किंवा बुटाची नाडी बांधायला वाकताच आंबट-कडू पाणी घशाशी येते. आणि रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाल्यास झोपेतून ठसक्याने जाग येते.

काही रुग्णांना मात्र जळजळ जाणवतच नाही. महिनोन्‌महिने न थांबणारा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, सतत घसा खाकरण्याची गरज किंवा दातांवरील कठीण आवरणाची झीज एवढ्याच रूपात रिफ्लक्स प्रकट होऊ शकतो. अर्थात या लक्षणांना इतर कारणेही असल्याने निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

सर्वांत घातक चूक म्हणजे हृदयविकाराच्या वेदनेला ‘ॲसिडिटी’ समजून घरी थांबणे. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप किंवा श्रमाने वाढणारे दुखणे असल्यास सोडा पिऊन वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण केवळ लक्षणांवरून या दोहोंतील फरक डॉक्टरांनाही नेहमी सांगता येत नाही. घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही आढळल्यास एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका व जठराची तपासणी, करण्याबाबत डॉक्टरांना त्वरित भेटावे.

थंड दूध किंवा दुकानातून आणलेली गोळी तात्पुरता आराम देते, परंतु वर्षानुवर्षे दाह दबून राहिल्यास अन्ननलिकेत व्रण होऊ शकतात, ती अरुंद होऊ शकते आणि काहींच्या बाबतीत अस्तराच्या पेशी बदलून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. रात्रीचे जेवण व झोप यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, पलंगाची डोक्याकडील बाजू 15 ते 20 सेंटिमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे, वाढलेले वजन कमी करणे आणि तंबाखू सोडणे यांचा खरा उपयोग होतो.

म्हणून वाचकांनी जळजळ केव्हा झाली, त्याआधी काय खाल्ले होते आणि शरीर कोणत्या स्थितीत होते याची दोन आठवडे वहीत नोंद करावी व ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे. ‘पित्त झाले’ या मोघम शब्दांपेक्षा ती नोंद निदानाला कितीतरी अधिक उपयोगी पडेल.