हायड्रॉलिक ट्रॉली का उचलत नाही?

शेणखताने भरलेली ट्रॉली शेतात उभी आहे, लिव्हर ओढला तरी हौदा हलत नाही. अशा वेळी प्रथम ॲक्सिलरेटर वाढविला जातो. पंप कर्कश आवाज करतो, तेल तापते, ट्रॉली मात्र जागच्या जागी! मग कोणीतरी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्यासाठी पाना घेऊन येतो. त्यापूर्वी थोडे गणित करावे.

बल म्हणजे एकूण जोर आणि दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर पडणारा जोर. आमचे विद्यार्थीही यात गल्लत करतात. बंदिस्त तेलाला दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखविले. बारीक पाइपात जो दाब, तोच जाड जॅकमध्ये. पिस्टनचे क्षेत्रफळ मोठे म्हणून तेथे बल मोठे मिळते.

समजा, पिस्टनचा व्यास १० सें.मी. आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ.सें.मी. रिलीफ व्हॉल्व्ह १५० किलो प्रति चौ.सें.मी. दाबाला उघडतो. तेव्हा जॅकचा जास्तीत जास्त जोर १५० × ७८.५ = ११,७७५ किलो. मग हौद्यासह ५ टन ओझे का उचलू नये?

मेख अंतरात आहे. हौदा १० फूट लांब, बिजागरी मागे आणि जॅक बिजागरीपासून अडीच फुटांवर सरळ उभा आहे असे धरू. माल सारखा पसरला असेल तर वजनाचा मध्य ५ फुटांवर येतो. जॅकला दुप्पट, म्हणजे १० टन जोर लागतो. दाब होतो सुमारे १२७ किलो. हौदा उचलला जातो. तोच माल पुढे रचून मध्य ६ फुटांवर गेला, तर १२ टन जोर आणि सुमारे १५३ किलो दाब लागेल. व्हॉल्व्ह त्याआधीच उघडतो. बैलगाडी उलाळ होऊ नये म्हणून पुढे वजन ठेवण्याची आपली सवय येथे नडते! थोडा माल पुढून मागे ओढा किंवा उतरवा. स्क्रू आवळल्यास होज पाइप, सील आणि पंप यांवर झेपणार नाही इतका ताण येतो.

ॲक्सिलरेटरने जोर वाढत नाही, वेग वाढतो. वरील जॅक १ मीटर वर जाण्यास ७.८५ लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर सुमारे २४ सेकंद. जास्त तेल आल्यास त्याहून लवकर, इतकेच.

वर उचललेला हौदा केवळ कोंडलेल्या तेलावर उभा असतो. होज फुटला की दाब जातो आणि हौदा खाली येतो. ग्रीस भरण्यास खाली जायचे असल्यास माल रिकामा करून भक्कम लोखंडी टेकू लावल्याशिवाय जाऊ नये. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. बारीक छिद्रातून येणारे तेल कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी घरी हळद लावून थांबू नका. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि दाबाचे तेल अंगात गेले आहे असे डॉक्टरांना सांगा.