विद्यापीठातील संशोधन विद्यार्थ्यांस कसे दाखवावे : रायपूरच्या धानसंग्रहाचे उदाहरण

विद्यापीठे आपली संशोधनकार्ये भावी विद्यार्थ्यांपुढे मांडतात, तेव्हा बहुधा पूर्ण झालेली कामेच मांडतात. भिंतीवर तक्ते लागतात, मेजावर काचेच्या बाटल्या ठेवल्या जातात आणि शाळकरी मुलांची रांग त्यांपुढून सरकते. मुले कौतुक करतात आणि घरी जातात. या कामात आपल्याला जागा आहे, असे त्यांतील कोणासही वाटत नाही. कारण जे दाखविले गेले ते संपलेले होते. संशोधनाकडे विद्यार्थी ओढला जावा अशी इच्छा असेल, तर त्याला अपुरे काम दाखविले पाहिजे. हे कसे साधते, याचे उत्तम उदाहरण रायपूर येथे आहे.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाच्या 23 हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘जननद्रव्य’ म्हणतात. शब्द जड आहे. बियाण्यांचा जिवंत साठा असे म्हटले तरी अर्थ सुटत नाही. या साठ्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी घातला. कटकच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात रायपुरात राहून गावोगावचे हजारो वाण जमविले आणि शेतकऱ्यांनी दिलेल्या नावांनिशी ते नोंदविले. मध्य प्रदेश शासनाची ती धानसंशोधन संस्था पुढे बंद झाली. विश्वविद्यालय 1987 मध्ये स्थापन झाले, आणि आज तेथील एक प्रयोगशाळा रिछारियांच्या नावाने ओळखली जाते.

साठा आहे म्हणजे काम झाले, असे नव्हे. बी थंड व कोरड्या जागी ठेवले तरी हळूहळू म्हातारे होते. म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक नमुन्यातील काही दाणे ओल्या कागदावर मांडून किती उगवतात ते मोजावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ही उगवण सर्वसाधारणपणे आरंभीच्या 85 टक्क्यांखाली घसरली, की तो वाण शेतात पुन्हा लावून ताजे बी घ्यावे लागते. त्याबरोबर त्याची ओळखही नोंदवायची असते. धानाच्या वाणाची नोंदणी करताना 62 लक्षणे पाहिली जातात : पानाच्या आवरणाचा रंग, कुसळ आहे की नाही, लोंबीची लांबी, दाण्याची रुंदी इत्यादी. 23 हजार नमुन्यांस 62 ने गुणावे, म्हणजे किती हातांची गरज आहे हे कोणताही विद्यार्थी स्वतःच जाणेल.

यांतील एक चाचणी तर प्रदर्शनाच्या मेजावर सहज करता येते. पॉलिश केलेल्या तांदळाचे सहा-सात अखंड दाणे उथळ बशीत ठेवून त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे 1.7 टक्के द्रावण ओततात आणि बशी 30 अंश सेल्सिअस तापमानास 23 तास हलवीत नाहीत. (द्रावण दाहक आहे, ते शिक्षकानेच हाताळावे.) दुसऱ्या दिवशी एका वाणाचे दाणे जसेच्या तसे असतात, दुसऱ्याचे फुगून कडेने फाटलेले असतात, तिसऱ्याचे विरघळून ढगासारखे पसरलेले असतात. दाण्यातील पिष्ट जितक्या कमी उष्णतेस शिजते, तितका तो दाणा अधिक विरघळतो. आदल्या दिवशी बशी मांडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी ती पाहावयास आल्यावाचून राहत नाही, आणि घरचा तांदूळ आणू का, असे विचारतो. माझ्या मते, त्या प्रश्नापाशी तक्त्यांचे काम संपते.

जाहिरातीचा मोह मात्र टाळावा. 2018 मध्ये या संग्रहातील गठुवन, महाराजी आणि लायचा या वाणांविषयी वृत्तपत्रांतून बराच गाजावाजा झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर केलेल्या अभ्यासात त्यांच्या अर्काचा प्रयोगशाळेत वाढविलेल्या कर्कपेशींवर परिणाम दिसला होता. बशीतील पेशी आणि रुग्णाचे शरीर यांत फार मोठे अंतर आहे. ‘कर्करोगावर तांदूळ’ असा फलक लावल्यास गर्दी होईल. परंतु त्या फलकाने आलेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी निराश होईल, आणि घरी आजारी माणूस असलेल्या पाहुण्याची तर ती फसवणूकच ठरेल. त्यापेक्षा दुबराजाची कथा सांगावी. हा सुगंधी वाण उंच वाढतो, लोळतो आणि उशिरा पिकतो. त्याच केंद्राच्या सहकार्याने गॅमा किरणांचा उपयोग करून त्याचे बुटके व लवकर येणारे रूप निवडले गेले. येथे अडचण, उपाय आणि फळ ही तिन्ही शेतात उभी राहून पाहता येतात.

हा साठा कोणाचा, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. 2002 मध्ये विश्वविद्यालय आणि सिंजेंटा ही बहुराष्ट्रीय कंपनी यांच्यात सहकार्याचा करार होऊ घातला होता. शेतकऱ्यांच्या वाणांवर कंपनीला हक्क मिळेल, या भीतीने छत्तीसगडात तीव्र विरोध झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने मूठभर बी दिले, त्याचा मुलगा आज महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहत असेल. त्याला हा इतिहास ठाऊक असणे न्याय्य आहे.

भंडारा, गोंदिया व गडचिरोली येथील मराठी विद्यार्थ्यांस रायपूर परके नाही. 1956 पर्यंत विदर्भ व छत्तीसगड एकाच राज्यात होते, आणि लुचईसारखी नावे दोन्हीकडच्या बांध्यांत ऐकू येतात. संग्रह पाहावयास जाणाऱ्याने पावसाळ्याअखेर, लोंब्या भरत असताना जावे. शीतगृहातील पाकिटे सारखीच दिसतात. शेतात मात्र शेजारच्या दोन ओळींतील एक कमरेएवढी व हिरवी, तर दुसरी छातीएवढी व जांभळट असते. बरोबर मोजपट्टी आणि वही न्यावी.