ठिबकची नळी तपासता, गॅसची केव्हा?



ऊसनोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना आम्हांला चहाचा आग्रह होतोच. गेल्या हंगामात एका घरी चहा उकळत असताना आमची नजर गॅसच्या नळीवर गेली. नळीला भेगा पडलेल्या. "किती वर्षांची हो?" तर वहिनी म्हणाल्या, "धाकट्याच्या बारशाला घेतलेली." धाकटा आता सातवीत! ठिबकच्या नळ्या मात्र मालकांनी वेळच्या वेळी धुतलेल्या.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो, डोळ्यांना दिसत नाही. कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. तरी वासाची वाट न पाहता एवढे करावे :

१) नळी आयएसआय छापाची घ्यावी. ५ वर्षांत बदलावी. भेग पडली किंवा उंदराने कुरतडली, तर त्याच दिवशी.

२) महिन्यातून एकदा जोडांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी ओढून कधीही पाहू नये.

३) ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली, भांड्यांना काजळी धरली, की शेगडी जाणत्या मेकॅनिककडून साफ करून घ्यावी. एरवीही वर्षातून एकदा दाखवावी.

४) रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपावे.

वास आलाच तर विजेच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

त्या घरची नळी दुसऱ्याच दिवशी बदलली. आपली आजच पाहा.

— ऊस विकास अधिकारी