चौघांचा खेळ, एकट्याचा नव्हे



गेल्या सत्रात नववीतल्या एका मुलाच्या आई मला भेटायला आल्या. "सर, चार जिवलग मित्र आठ दिवसांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. मोबाइलच्या खेळात हरले म्हणून! तुम्ही तो खेळ बंदच करायला सांगा." बंदीचा आदेश काढण्याआधी खेळ एकदा पाहावा, असे मला वाटले. रविवारी सकाळी त्यांच्याच घरी मी त्या चौघांच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

खेळ होता 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. 'पबजी मोबाइल'वर भारतात २०२० साली बंदी आली. त्यानंतर २०२१ मध्ये हा खेळ आला, २०२२ मध्ये तोही हटवला गेला आणि २०२३ मध्ये परत सुरू झाला. जवळपास शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारे शोधतात आणि शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. चौघांचा एक संघ असतो.

आमचे चौघे सात मिनिटांत बाद झाले. चौघे चार ठिकाणी उतरले होते. एक जण पडला की बाकीचे ओरडत होते, "तुझ्यामुळे हरलो!" भांडणाचे मूळ तिथेच होते. मग आम्ही वही काढली. त्या वहीतले धडे असे :

१. उतरण्याची जागा आधी ठरवा. पोचिंकीसारख्या गावात सामान भरपूर, पण गर्दीही तितकीच. नवख्या संघाने कडेची वस्ती निवडावी. कोणते घर कोणी पाहायचे, हे विमानात असतानाच ठरवावे. हाक मारली तर मदतीला येता येईल, इतक्या अंतरात चौघांनी राहावे.

२. सामान संघाचे असते. काही बंदुकांना ५.५६ ची गोळी लागते, काहींना ७.६२ ची. चौघांनी एकच जात धरली तर गोळ्या पुरत नाहीत. लांबची दुर्बीण ज्याचा नेम चांगला त्याला द्यावी, ज्याला ती आधी सापडली त्याला नव्हे.

३. घेरा ओळखा, लवकर निघा. नकाशावरचे पांढरे वर्तुळ म्हणजे पुढची सुरक्षित जागा. निळी सीमा सरकत तिथपर्यंत येते. तिच्या बाहेर राहिले की शक्ती घटत जाते, शेवटच्या टप्प्यांत तर फारच वेगाने. जो संघ लवकर पोहोचतो त्याला घर किंवा टेकडी मिळते. जो उशीर करतो त्याला उघड्या मैदानातून पळावे लागते, आणि समोर शत्रू आधीच बसलेला असतो.

४. थोडे बोला, नेमके बोला. "अरे तिकडे, तिकडे!" याचा काही उपयोग नाही. पडद्याच्या वरच्या बाजूला दिशेचे अंश दिसतात. "१२० अंश, दोन जण, झाडामागे" एवढे पुरे. माहिती चौघांनी द्यावी, निर्णय मात्र एकानेच घ्यावा. निर्णय चुकला तरी त्या वेळी पाळावा, चर्चा नंतर.

५. पडलेल्या साथीदाराकडे धावत सुटू नका. त्याला उठवायला सुमारे दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उठवणाराही हलू शकत नाही. आधी धुराचा गोळा टाकावा, दोघांनी शत्रूवर नजर ठेवावी, मग एकाने उठवावे. घाईने धावणारा बहुधा स्वतःच शेजारी पडतो.

६. गुणांचे गणित समजून घ्या. मोठ्या स्पर्धांत १६ संघ असतात. तिथे अलीकडे पहिल्या क्रमांकाला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, १, १ असे गुण मिळतात आणि शत्रूचा एक खेळाडू बाद केला की १ गुण. सात जणांना बाद करून दहावा आलेल्या संघाला ७ गुण, तर तिघांनाच बाद करून दुसरा आलेल्या संघाला ९. शौर्य हवेच, पण टिकून राहणेही हवे.

७. सामन्यानंतर पाच मिनिटे वही. पहिला कोण पडला हे लिहू नये. तो पडला तेव्हा बाकीचे तिघे कुठे होते, हे लिहावे.

हा सातवा धडा लिहिताना चौघेही गप्प झाले. ज्याच्यावर रोज खापर फुटत असे, तो मुलगा प्रत्येक वेळी एकटाच पुढे होता आणि बाकीचे मागे घरात सामान गोळा करत होते. शेवटी एकजण त्याला म्हणाला, "चूक आमचीही होती रे." त्या दिवशीच्या तिसऱ्या सामन्यात ते सहावे आले. पहिले आले नाहीत, पण जेवायला चौघे एकत्र बसले.

पालकांना दोन विनंत्या. एक सामना साधारण अर्धा तास चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही. म्हणून "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हणण्याऐवजी "दोन सामने, मग अभ्यास" असे आधीच ठरवून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी खेळातच रोज तीन तासांची मर्यादा २०२३ मध्ये घातली गेली. माझ्या मते शाळकरी मुलाला तीन तास फारच झाले. दुसरे, पालकांच्या परवानगीशिवाय खेळात पैसे खर्च होणार नाहीत, ही काळजी घ्यावी.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि खेळ म्हणजे मैदानावरचा खो-खो, एवढेच मला ठाऊक होते. त्यात पाठीमागून मिळालेल्या 'खो'वर विश्वास ठेवूनच उठावे लागते. विश्वस्त मंडळींनीही मुलांचा हा खेळ एकदा शेजारी बसून पाहावा. आपल्या मुलांना बंदूक चालवता येते की नाही, हे महत्त्वाचे नाही. साथीदार पडला तर ती त्याला दोष देतात की हात देतात, हे आपण पाहायचे आहे.

आपला,
मुख्याध्यापक