एंटर कोणी दाबला?

मार्चअखेरची मोजणी चालू होती. मिरजेतल्या एका किराणा दुकानाला मी साठ्याचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं, क्यूटी फ्रेमवर्क वापरून. सकाळी सकाळी फोन आला, "साहेब, गन मारली की यादीच जातीय बघा." आदल्या रात्रीपर्यंत मोजलेल्या 212 वस्तू बिस्किटाच्या पहिल्याच पुड्याला गायब.

दीड दिवस मी स्कॅनरला शिव्या घातल्या. तो बिचारा निर्दोष. संगणकाच्या लेखी बारकोड स्कॅनर म्हणजे कीबोर्डच: 13 आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो. तो एंटर कुठे जातो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

क्यूटीमध्ये डायलॉगच्या आत ठेवलेल्या प्रत्येक पुशबटणाचा 'ऑटोडिफॉल्ट' आपोआप चालू असतो; डायलॉगबाहेर तो बंद असतो. तुम्ही कुठलंच बटण डिफॉल्ट ठरवलं नाही, तर टॅबच्या क्रमात पुढे येणारं बटण एंटरसरशी दाबलं जातं. आधी माझ्या खिडकीत 'जोडा' हे एकच बटण होतं, म्हणून सगळं सुरळीत. एंटरसाठी मी एक ओळही लिहिली नव्हती, तरी नग जोडला जायचा आणि मी खूश! मग दुकानदारांनी 'सगळं काढा' मागितलं. ते मी बारकोडच्या रकान्याला चिकटून, 'जोडा'च्या आधी बसवलं. माझ्या टेबलावर मी आकडे हाताने टाइप करून माउसने 'जोडा' दाबत होतो, त्यामुळे चाचणी झकास पास.

ऑटोडिफॉल्टचा हा नियम क्यूटीच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेला आहे, त्यामुळे फ्रेमवर्कला दोष देण्यात अर्थ नाही.

घाईत मी 'खात्री आहे का?' अशी चौकट घातली. आणखी फजिती. दुकानातल्या वहिनी काउंटरवर पडद्याकडे न बघता पुडे मारत होत्या. पुढच्या पुड्याच्या एंटरने 'हो' दाबलं गेलं. तिथेही डिफॉल्ट मी सांगितलंच नव्हतं. पुसणाऱ्या चौकटीत 'नाही'च डिफॉल्ट ठेवा, आणि डायलॉगमधल्या प्रत्येक बटणावर सेट-ऑटोडिफॉल्ट फॉल्स लिहून मगच पुढे जा. एंटर हवाच असेल तर रकान्याचा रिटर्न-प्रेस्ड सिग्नल जोडा. पण नुसता सिग्नल जोडून भागत नाही. रकाना एंटर गिळत नाही, सिग्नल देऊन तो वर डायलॉगकडे सोडतो. ऑटोडिफॉल्ट चालूच राहिला तर नग जोडलाही जाईल आणि यादी पुसलीही जाईल. हे मला तिसऱ्या फेरीत कळलं.

त्या 212 वस्तू वहिनींनी पुन्हा मोजल्या. मला चहा पाजला, पण बोलल्या नाहीत.

आता एक स्वस्तातला स्कॅनर माझ्या टेबलावर असतो. कुठलाही डायलॉग द्यायच्या आधी मी पडद्याकडे पाठ करून दहा वेळा गन मारतो, मग वळून बघतो. बिस्किटं केव्हाच संपली. वेष्टन मॉनिटरला चिकटवलंय.