उधेवाडीत मुक्कामाला जाताना

जून उजाडला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास कानावर येतो: राजमाचीला राहायची सोय कुणाकडे होते? विचारणारी मुलं बहुधा पहिल्यांदाच सह्याद्रीत मुक्कामाला निघालेली असतात. दादरहून कर्जत लोकल धरायची, पुढे टमटमने कोंदिवडे गाठायचं आणि कोंडाणे लेण्यांवरून चढत उधेवाडीत पोचायचं, एवढं त्यांना पाठ असतं. राहण्याजेवण्याचं मात्र कुणाच्या तरी पॅकेजवर सोपवलेलं असतं. अशा वेळी मी त्यांना आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगते.

उधेवाडी हे मावळ तालुक्यातलं, श्रीवर्धन आणि मनरंजन या राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याचं लहानसं गाव. खाली उल्हास नदीचं खोरं. इथला खरा मुक्काम गावकऱ्यांच्या घरात. पाहुण्यांनी ओटीवर किंवा पडवीत पथारी पसरायची, घरच्यांनी आत माजघरात झोपायचं आणि चुलीवर शिजेल ते सगळ्यांनी जेवायचं. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरभटक्यांना याच घरांनी आसरा दिला आहे.

त्या शनिवारी आम्ही आठ जण होतो. मुंबईतल्या एका आयोजकाने माणशी पूर्ण रक्कम आगाऊ घेतली होती. चढताना पावसाने झोडपून काढलं. घराच्या पडवीत पाय ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि ओटीवर आधीच दोन गट दाटीवाटीने बसले होते. घरधन्याने वही काढून पानं उलटली. “ताई, तुमचं नाव न्हाई माझ्याकडं,” तो म्हणाला, “पण भिजलाय, आधी आत या.” आयोजकाला फोन लावावा तर रेंज नाही. चुलीपुढे बसलेल्या मावशींनी परातीतल्या पिठाकडे पाहिलं, दारातल्या आम्हा आठ जणांकडे पाहिलं आणि काही न बोलता डब्यातून आणखी तांदळाचं पीठ काढलं. भाकरी, पिठलं, भात सगळ्यांना पुरला. रात्री आतल्या पोरांची एक घोंगडीही आमच्याकडे आली.

सकाळी बोलताना उलगडा झाला. आयोजकाने तीच ओटी तीन गटांना विकली होती. आम्ही भरलेल्या पैशांतला जेमतेम जेवणापुरता भाग या घरापर्यंत यायचा, तोही आयोजकाच्या सवडीने. आधीच्या पावसाळ्यातली बाकी अजून आलेली नव्हती. आम्ही जेवणाचे पैसे पुन्हा मोजून मावशींच्या हातात दिले. त्या घेत नव्हत्या. आयोजकाने आमचे पैसे शेवटपर्यंत परत केले नाहीत. पण मला जास्त लागलं ते हे, की जे घर आमच्यासाठी रात्रभर राबलं त्याचीच फसवणूक आमच्यापेक्षा मोठी होती.

म्हणून घराशी थेट बोला. नंबर आधी जाऊन आलेल्यांकडून मिळतो. फोन बुधवार-गुरुवारीच करा; डोंगरावर रेंज येते-जाते, एकदा लागला नाही तर पुन्हा लावा. शिधा आणि सिलिंडर लोणावळ्याहून खाचखळग्यांच्या रस्त्याने वर आणावा लागतो, तेव्हा शनिवारी सकाळी ‘पंधरा जण येतोय’ असं कळवणं त्या बाईवर अन्याय आहे. त्या रात्री आणखी किती माणसं आहेत, झोपायची जागा ओटीवर की पडवीत, शौचालय कुठे आहे, जेवणाचे आणि राहण्याचे वेगवेगळे किती, हे सगळं स्पष्ट विचारून घ्या. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही, त्यांनाही ते बरंच वाटतं. कुठल्या वाटेने आणि साधारण किती वाजता पोचणार हेही सांगा. अंधार पडूनही माणसं आली नाहीत की घरधनी काळजीत पडतो.

गटासोबतच जायचं असेल तर मुक्काम कुणाच्या घरी आहे ते नाव आयोजकाकडे मागा आणि त्या घरी स्वतः एक फोन करा. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका.

रोख रक्कम जवळ हवीच. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि ‘खाली गेल्यावर पाठवतो’ म्हणणाऱ्यांचे पैसे बरेचदा राहूनच जातात. दुसरं, राहायचं ज्या घरी तिथेच जेवा. नेपाळमध्ये एव्हरेस्ट आणि अन्नपूर्णाच्या वाटांवरच्या घरगुती लॉजमध्ये हा रिवाजच आहे: खोलीचं भाडं अगदी कमी, त्यामुळे घराची कमाई होते ती जेवणावर. आपल्याकडेही गणित फारसं वेगळं नाही. शहरातून डबे आणून नुसती ओटी वापरायची, हे मला पटत नाही.

मे अखेरीस काजव्यांच्या दिवसांत गर्दी सगळ्यात जास्त. जमलं तर मधला वार निवडा. काजवे चमकतात ते जोडीदाराला खूण करण्यासाठी. त्यांच्यावर विजेरी आणि मोबाइलचे झोत मारले की ती खूणच पुसली जाते. आणि ओटीवर रात्री दोनपर्यंत गाणी लावू नका. भिंतीपलीकडच्या माणसांना पहाटे गुरांचं बघायचं असतं.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. लोणावळ्याची वाट सुमारे १५-१६ किलोमीटरची, चढ बेताचा, पण पावसात तिच्यावर ओढे आडवे येतात. कोंडाण्याची वाट जवळची, पण उतार निसरडा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. पाणी किती पटकन चढतं हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश तपासा, आणि घरधनी ‘आज ओढा चढलाय, थांबा’ म्हणाला तर थांबा. पाणी कधी दोन तासांत उतरतं, कधी अख्खा दिवस घेतं. सोमवारी कामावर पोचायला उशीर होऊ शकतो, हे ऑफिसात शुक्रवारीच सांगून ठेवा.